आजोबांच्या तोंडचे शेवट

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

चेतना, लिही. मी म्हणीन तेच लिही, मधात आपली अक्कल घालू नको. ती तुले बी.एड.च्या परीक्षेत लागणार आहे.

आज सुट्टी. राज्याचा वाढदिवस म्हणून गल्लीत सकाळपासून भोंगा लावून ठेवला आहे. छत्तीसगड पंचवीस वर्षांचं झालं. माझा यशदीप सव्वीसचा. म्हणजे पोट्टा राज्यापेक्षा मोठा, आणि अक्कल दोघांले सारखीच.

यशदीप म्हणजे या चेतनाचा मोठा भाऊ, माझा नातू. तीन वर्षं झाली, जेलात आहे. जन्मठेप. अपील बिलासपूरच्या हायकोर्टात आहे आणि आमचे भैय्यालाल वकील म्हणतात, याच महिन्यात फैसला येईल. ते असंही म्हणतात की अम्मा, आप तारीखें भूल जाती हो, किसी से लिखवा लिया करो. म्हणून ही वही. तारखा वकिलासाठी, बाकीचं यशदीपसाठी. सुटून आला की वाचेल, त्याच्या मागं घरात काय काय झालं ते. तीन वर्षांचं तर राहूनच गेलं.

मले अक्षर येत नाही. अंगठा येतो, आणि तो चांगला येतो. जेलच्या खिडकीवरचा शिपाई म्हणतो, अम्मा, तुम्हारा अंगूठा एकदम साफ आता है. या वयात कोणी तारीफ केली तर नाही म्हणू नये.

वय अठ्ठ्याहत्तर. जन्मठेपेत चौदा वर्षं तर काढावीच लागतात म्हणे. तीन गेली, अकरा राहिली. एवढी वजाबाकी मले येते. अपिलात सुटला तर मी त्याले या ओट्यावर बसलेला पाहीन. नाही तर नाही.

चेतना म्हणते, "आजी, ये भी लिखूँ?"

मी म्हटलं, हे तर आधी लिही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एक मंगळवार सोडून एका मंगळवारी मुलाकात. माझा मुलगा इंद्रजीत, या पोरांचा बाप, आम्हाले गाडीनं जेलपर्यंत नेतो आणि आपण पानठेल्याजवळ उभा राहतो. रेल्वेत तीस वर्षं काढली, पण पोराच्या जेलात एकदा पाय टाकला नाही. म्हणतो, गाडी कोण पाहील. मी म्हटलं, "जेलासमोर गाडी कोण चोरते रे? चोर तर सारे आत आहेत." तो हसला नाही. त्याची बायको असती तर हसली असती, ती कोरोनात गेली.

आत काच, काचेच्या मागं जाळी, आणि बोलायले फोन. यशदीप येऊन बसला आणि दरवेळसारखं म्हणाला, "एकदम फिट हूँ, आजी." मानेची हाडं मोजून घ्यावी अशी. मी म्हटलं, "दिसून राहिलं."

मग म्हणाला, "आजी, तुमचा घंटावाला सिनेमा येऊन राहिला टीव्हीवर. या इतवारी नाही, पुढच्या. दुपारी. आमच्या बराकीत सरकारी चॅनलच लागते ना, त्याच्यावर जाहिरात दाखवून राहिले होते."

मले एवढा आनंद झाला की फोन उलटाच कानाले लावला. तो आत बसून पाहील, मी बाहेर बसून पाहीन, एकाच वेळी. तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं मिळून काही करू.

६ नोव्हेंबर, गुरुवार

घंटावाल्याचं नीट लिहून ठेवते, म्हणजे नंतर ताडून पाहता येईल. सिनेमाचं खरं नाव मले आठवत नाही, आम्ही घंटावालाच म्हणायचो.

चेतनाचे आजोबा टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. त्यांचं नाव मी घेत नाही, ते चेतनानं आपलं लिहून टाकावं. हरिदास. टॉकीज आता नाही, तिथं चपलांचं दुकान आहे. मी दुपारचा डबा घेऊन मागच्या लोखंडी जिन्यानं वर जायची. मशीनच्या खोलीत भिंतीले एक भोक असते, मशीनवाल्यानं पडदा पाहायचं. त्यातून मी सिनेमा पाहायची, उभ्यानं, एक डोळा मिटून. शेवटचं रीळ लागलं की मॅनेजर वर यायचा, रजिस्टरवर सही घ्यायले. त्यानं मले पाहिलं असतं तर यांची नोकरी गेली असती. म्हणून आधीचं रीळ संपत आलं की हे म्हणायचे, "चल, निघ. मॅनेजर वर यायची वेळ झाली." की मी खाली.

अशी एकवीस वर्षं. त्या एकवीस वर्षांतल्या एकाही सिनेमाचा शेवट मी पाहिला नाही. सारे शेवट यांनी घरी येऊन जेवताना सांगितलेले. पुढं टीव्ही आला, पण पाहिलेला सिनेमा परत कशाले पाहायचा? शेवट तर ठाऊकच होता.

आणि शेवट चांगलेच असायचे. हरवलेला भाऊ भेटायचा, आंधळीले दिसायले लागायचं. समोरच्या शारदाबाई तिकीट काढून खाली बसायच्या, त्या म्हणायच्या, "कलाबाई, ती तर विष पिऊन मरते हो." मी म्हणायची, "तुमचा डोळा लागला असंन." पन्नास वर्षं हे भांडण चालू आहे. शारदाबाई हार मानत नाहीत. त्यांच्या घरी माझ्या चहाचा कप पंचवीस वर्षं वेगळा होता, हिरव्या दांडीचा, मोरीच्या फळीवर. आम्ही जयभीमवाले ना. त्यांच्या नातवानं तो फोडला तेव्हापासून साऱ्यांचे कप सारखे झाले. आता म्हणतात, वेगळा कधी ठेवलाच नव्हता.

एकदाच मानली हार. हे गेले त्या दिवशी खिचडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या हातची चव मला नाही जमली कधी, कलाबाई." तोपर्यंत मी रडली नव्हती. शारदाबाईनं हार मानली तेव्हा समजलं, माणूस खरंच गेला.

तर घंटावाला. हा खरा होऊन गेलेला माणूस, तशी पाटीच येते सुरुवातीले, यांनी वाचून सांगितली होती. इंग्रजाच्या वेळचा. मालगुजाराच्या माणसाले मारलं म्हणून जन्मठेपेवर गेला, आणि जेलात त्याले तास वाजवायचं काम दिलं. एकतीस वर्षं. सारं शहर त्याच्या टोल्यावर घड्याळ लावायचं आणि त्याले कोणी पाहिलेलं नव्हतं.

त्यातला हिरो एरवी झाडामागं गाणी म्हणणारा. यात डोकं भादरलेलं, गाणं एकही नाही. पुढं दाढीले पांढरं लावलं होतं त्यांनी, पण ते नसतं लावलं तरी चाललं असतं. आधी आधी तो घंटेवर असा मारायचा की जसा तोच माणूस समोर टांगला आहे. एका हातानं. मग दोन हातांनी. शेवटी शेवटी तर आधी कोपर वर जायचं आणि हात त्याच्या मागून यायचा, जसं हाताले विचारावं लागते, बाबा, येतोस का. मोजताना ओठ हलायचे. पुढं तर घंटा नसली तरी हलायचे, भाकर खातानाही. हे त्याले कोणी शिकवलं असंन? घरचं कोणी जेलात होतं का त्याच्या? मी यांना विचारलं तर म्हणाले, नट आहे, पोट भरायले करतो. पण मले पटलं नाही. पोट भरायले गाणी पुरेशी होती त्याले.

अकरा दिवस चालला सिनेमा. अकरा दिवस मी डबा उशिरा नेला.

सुटकेचा हुकूम येतो. जेलर म्हणतो, उद्या सकाळी सहाचे टोले मार आणि जा. तो हातोडा मांडीवर घेऊन बसतो. तिथं ते रीळ संपते.

पुढचं यांनी सांगितलं. सकाळी त्यानं सहा टोले मारले. फाटक उघडलं. बाहेर म्हातारी माय उभी, फडक्यात भाकर बांधून. तो गेला. त्या दिवशी शहरात सात वाजलेच नाहीत, कारण वाजवणारा निघून गेला होता. पहिल्या दिवशी एवढंच. मी रोज विचारायची आणि रोज थोडं वाढायचं. अकराव्या दिवशी त्यात एक कुत्रंही आलं, शेपूट हलवत. यांना जेवताना कोणी मेलेलं चालायचं नाही.

शारदाबाई म्हणतात, तो त्या रात्रीच मरतो. सहाचे टोले दुसराच कैदी मारतो. तिथं तर त्यांचा नक्कीच डोळा लागला होता.

९ नोव्हेंबर, रविवार

यशदीपनं मारलं नाही. धरलं. हे मी तीन वर्षं सांगून राहिली, ज्याले ऐकायचं नाही त्यालेही. वरातीत गाण्यावरून एका पोट्ट्याशी भांडण झालं, यशदीप धरून चौघं होते. यशदीपनं त्या पोट्ट्याचे हात मागून धरले, दुसऱ्यानं रॉड मारला. कायद्यात धरणारा आणि मारणारा सारखा.

आज मेथी निवडता निवडता मनात आलं, धरलं नसतं तर तो पळाला असता. पळायले चांगला होता म्हणे. शाळेत बक्षीस होतं.

त्या मेलेल्या पोट्ट्याच्या मायले मी कोर्टात पाहायची. तीही डबा आणायची. तिचं तर कोणी आत नव्हतं. डबा कोणासाठी आणायची ते मी विचारलं नाही.

हे यशदीपले दाखवायचं नाही. पान दुमडून ठेव.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चेतनानं घंटावाला फोनवर शोधून काढला. कानात बोंडं घालून गच्चीवर एकटीच पाहत बसली. मी म्हटलं, मलेही दाखव. तर म्हणे, "स्क्रीन छोटी है आजी, इतवार को टीवी पर देखना ना आराम से."

खाली आली तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणे, कांदा. गच्चीवर कांदा कुठला, ते मी पुढं विचारलं नाही. पोरगी बावीस वर्षांची आहे, गच्चीवर रडायची हजार कारणं असतात.

"शेवट कसा आहे?" मी म्हटलं.

"लास्ट का हिस्सा है ही नहीं उसमें. प्रिंट खराब है."

"म्हणजे तुलेही मॅनेजरनं हाकललं," मी म्हटलं.

हसली नाही. या घरात आता हसायचं काम माझ्या एकटीवर आलं आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच अंघोळ करून पांढरं लुगडं नेसली. इंद्रजीत म्हणाला, "माय, विहारात जाऊन राहिली का?" म्हटलं, सिनेमाले.

बारा वाजल्यापासून बसली. तो एकतीस वर्षं काढलेला म्हातारा आज मले पोट्टा वाटला. तेव्हा मी सव्वीसची होती, त्याले म्हातारा समजून रडली. आज रडली ते दुसऱ्या कारणानं. भाकर खाताना तो दाराकडं पाठ करून बसतो, हे मले तेव्हा दिसलं नव्हतं. मुलाकातीच्या खिडकीत यशदीपही असाच बसतो, आधी पाठ, मग वळतो.

एक गोष्ट अजून. सबंध सिनेमात त्याची माय कुठंच आली नाही. कोणी नावही काढलं नाही. शेवटीच येत असंन.

जेलर आला. हुकूम वाचला. त्यानं हातोडा मांडीवर घेतला. मी पदर सावरून बसली, की आता जन्मात पहिल्यांदा शेवटचं रीळ पाहते. चेतना पाणी आणायले उठली, आणि लाईट गेली.

फक्त आमची. समोर शारदाबाईचा टीव्ही चालू होता, मले ऐकू येत होता. चेतना जिन्यातल्या मीटरकडून आली, पाणी न घेताच, म्हणे एक फेज गेला असेल. मी म्हटलं, चूप. समोरून टोले पडून राहिले होते. मी मोजले. सहा.

लाईट आली तेव्हा बातम्या लागल्या होत्या. जाऊ दे. सहा पडले ना. म्हणजे यांचंच खरं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मुलाकात. बसल्या बसल्या विचारलं, "पाहिला?"

"हव, आजी. पूरे बैरक ने देखा."

"मग? शेवट?"

त्यानं काचेतून चेतनाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "फाटक उघडते. जाते तो बाहेर."

"माय असते?"

"असते ना. रोटी लेके."

"आणि कुत्रं?"

त्यानं फोन या कानाचा त्या कानाले लावला. "कुत्ता भी है, आजी."

मी चेतनाले म्हटलं, बघ. तुझ्या आजोबांनी एक अक्षर खोटं सांगितलं नाही. त्या दिवशी बराकीत कोणी जेवलं नाही म्हणे, डाळीची बालटी तशीच परत गेली. होते असं. आनंदानं पोट भरते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चेतनाले घेऊन पंडरीच्या कापडबाजारात गेली, यशदीपले शर्ट घ्यायले. फैसला येईल त्या दिवशी जेलातल्या कपड्यांत घरी आणायचं का त्याले? दुकानदार विचारे, साइझ काय. मी म्हटलं, आधीचा बेचाळीस, आताचा माहीत नाही, खांद्यात कमी धरा. आकाशी रंगाचा घेतला. चेतना म्हणत होती, अभी रहने दो. अभी म्हणजे कधी?

कपाटात वरच्या खणात ठेवला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वकिलाचा फोन आला. चेतनानं घेतला आणि बोलत बोलत गच्चीवर गेली. माझ्या दोन शेंगा सोलून झाल्या, मग वाटीभर झाल्या, तरी खाली येईना. आली तेव्हा म्हणाली, "आजी, तारीख बढ़ गई. जनवरी में लगेगी."

"जानेवारीची कोणती? वहीत लिहायची आहे."

"बताएँगे."

इंद्रजीत ड्युटी सोडून दुपारीच घरी आला. बूट न काढता खाटेवर बसला. मी म्हटलं, "अरे, तारीखच पुढं गेली ना, एवढं काय." त्यानं बूट काढले, माझ्या पायाशी येऊन बसला आणि पाय दाबायले लागला. लग्नाच्या आधी दाबायचा. तारीख पुढं गेल्यावर पोरगा मायचे पाय दाबते, तर दर महिन्याले जावी.

संध्याकाळी वरच्या खणात शर्ट दिसला नाही. चेतना म्हणे, साइझ बदलायले दिला.

ओळ काहून वाकडी चालली तुझी? नीट लिही.

३० नोव्हेंबर, रविवार

दुपारी शारदाबाई शिरा घेऊन आल्या. घरी सण नाही, पाहुणा नाही. बसल्या. गुडघ्याचं बोलल्या, सुनेचं बोलल्या. मग मीच काडी लावली, कारण बरेच दिवस भांडण झालं नव्हतं.

"काय हो शारदाबाई, पाहिला ना त्या इतवारी घंटावाला? मी इथून टोले मोजले. सहा."

त्यांनी वाटीकडं पाहिलं. म्हणाल्या, "हो कलाबाई. तुमचंच खरं. सुटतो तो."

"माय येते?"

"येते. माझाच डोळा लागला असेल तेव्हा."

मी त्यांच्याकडं पाहत राहिली. पन्नास वर्षांत ही बाई मिठावरून हरली नाही, पावसावरून हरली नाही. मी म्हटलं, "आणि कप?"

"कोणता कप?"

"हिरव्या दांडीचा. मोरीच्या फळीवरचा."

त्यांनी शिऱ्याची वाटी माझ्याकडं सरकवली. मग म्हणाल्या, "वेगळा ठेवला होता. चुकलंच माझं."

मी वाटी खाली ठेवली. एका दुपारी दोन हारी. त्या उठल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहान पोरीच्या फिरवतात तसा, आणि गेल्या.

मी कोणाले काही विचारलं नाही. इंद्रजीतले नाही, या चेतनालेही नाही. चेतना, आज बस एवढंच लिही, शारदाबाईनं हार मानली.

आता का रडून राहिली? कांदा तर घरात नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

इंद्रजीतनं गाडी पानठेल्याजवळ लावली, किल्ली काढली आणि आमच्यासोबत चालायले लागला. मी म्हटलं, "गाडी कोण पाहील?"

"राहू दे, माय."

खिडकीवर अंगठा दिला. शिपाई आज रजिस्टरातच पाहत राहिला. अंगठाही साफ आला नसावा.

यशदीप आला. पाठ करून बसला, मग वळला, तर समोर बाप. तीन वर्षांनी.  इंद्रजीतनं तळवा काचेवर ठेवला. पोरानं पाहिलं, आणि फोन उचलायले हात वर केला. आधी कोपर वर गेलं. हात त्याच्या मागून आला.

मी त्या नटाले पन्नास वर्षं उगाच विचारत राहिली की तुले हे कोणी शिकवलं.

"आजी," यशदीप म्हणाला, "तारीख आगे बढ़ गई है बस. और मैं एकदम फिट हूँ." बोलून झालं तरी ओठ हलत होते. काय मोजत होता, पोट्टा? अकरा वर्षांचे दिवस मोजायले किती वेळ लागते?

तो चांगला नट आहे. चेतना बरी आहे, इंद्रजीत अगदीच कच्चा. आणि मले एकवीस वर्षं एका माणसानं शिकवलेलं. मी म्हटलं, "हव बेटा. तारखेचं काय, ती पुढंमागं होतच राहते. तू ऐक. सकाळी सहाले फाटक उघडेल. मी बाहेर उभी राहीन. भाकर आणीन फडक्यात बांधून, सोबत ठेचा."

तो पाहत राहिला. त्याले समजलं की मले समजलं. 

मग त्यानं विचारलं, "और कुत्ता?"

"कुत्रंही आणीन. गल्लीतलं लंगडं आहे ना, तेच आणीन. शेपूट तर हलवते."

तो हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा, दात दिसले. एक दात नाही. कधी गेला, कसा गेला, मी विचारलं नाही.

वेळ संपल्याचा भोंगा झाला. घंटा आता त्या जेलातही नाही.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याले मेणबत्ती लावून आली. गर्दी होती. कोणाच्या तरी खांद्यावरचं पोरगं म्हणालं, "वो दादी रो रही है." त्याच्या मायनं त्याले चूप केलं. मी म्हटलं, बोलू दे, खरंच बोलून राहिलं. अशी माणसं घरात कमी झाली आहेत.

चेतना, वकिलासाठी तारखा आता लिहू नको. जानेवारीचीही नको.

नाही, सांगू नको. मले माहीत आहे. केव्हापासून ते शारदाबाईले विचार. तू फक्त जेवताना सांगत जाजो, तुझ्या आजोबांसारखं, रोज थोडं थोडं. मी विचारीन, तू वाढवत जा. आणि तो शर्ट दुकानात दिला नसशील, तुझ्या गादीखाली असंन. तो कपाटात ठेव. त्याच्या खांद्यात बसणार नाही, कोणाच्या तरी बसेल.

त्या नवव्या तारखेचं पान दुमडलं होतं ना, ते सरळ कर. यशदीपनं ते वाचलं पाहिजे. धरलं नसतं तर तो पळाला असता, हे त्याले कोणीतरी सांगायले हवं, आणि तेव्हा मी नसीन. त्या बाईचा डबाही वाचू दे त्याले. वही जपून ठेव. अकरा वर्षांत वाळवी लागते, कडुलिंबाचा पाला घाल पानांच्या मधात.

मले शेवट ठाऊक आहे. सहा पडतात, पण टोले मारणारा हात दुसऱ्याचा असतो. ते मी लाईट गेली त्या दिवशी बसल्या बसल्या ऐकलं होतं. सहाच्या सहा कसे पडले, धाड धाड, एका हातानं, जुवान माणसाचे. घंटावाला तर कोपर आधी उचलायचा, त्याचा टोला असा नव्हता पडत. कान खोटं बोलत नाहीत. मीच त्यांना म्हटलं, चूप बसा.

आणि तुझ्या आजोबांवर मी रागावली नाही, हेही लिही. माणूस दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांले मरताना पाहायचा आणि घरी येऊन एकेकाले जिवंत करायचा. वरणभात निवत असताना.

बस. आता पेन ठेव. चल, निघू आपण. मॅनेजर वर यायची वेळ झाली.